औटकी परत आणू नका, सव्वा सांभाळा

एखादे सरकार चार दिवसांत कोसळले की आपल्या वर्तमानपत्रांना ‘औट घटकेचे राज्य’ हमखास आठवते. नोव्हेंबर २०१९मध्ये मुंबईत गाजलेल्या ‘पहाटेच्या शपथविधी’नंतरही हेच झाले. २३ तारखेला सकाळी शपथ, २६ तारखेला दुपारी राजीनामा, मध्ये सुमारे ८० तास. आता घटका असते २४ मिनिटांची आणि औट म्हणजे साडेतीन. तेव्हा औट घटका म्हणजे ८४ मिनिटे. या हिशेबाने ते सरकार चांगले दोनशे घटका टिकले. औट घटकेपेक्षा कितीतरी दीर्घायुषी म्हणायला हवे. पण असा हिशेब कुणी मांडला नाही, कारण औट ही एक संख्या आहे हेच आता फारसे कुणाला ठाऊक नसते. क्रिकेटमधल्या ‘आउट’शी त्याचे नाते जोडणारे सुशिक्षितही भेटतात.

दर एकदोन वर्षांनी कुणीतरी हळहळते की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे गेले आणि पोरांचे गणित बिघडले. ते पाढे शाळेत परत आणा. समोरून उत्तर येते की कॅल्क्युलेटरच्या जमान्यात ही घोकंपट्टी कशाला. हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीच्या जागी लढला जातो, असे मला वाटते, आणि ते दाखवायला औट या शब्दाइतका चांगला साक्षीदार नाही.

औटचे मूळ संस्कृतातल्या ‘अर्धचतुर्थ’मध्ये आहे. तीन पूर्ण झाले, चौथा अर्धाच आहे, म्हणून अर्धचतुर्थ. पालीत त्याचे ‘अड्ढुड्ढ’ झाले, प्राकृतात ‘अद्धुट्ठ’, जुन्या हिंदीत ‘अहुठ’, आणि मराठीत झिजत झिजत औट. ‘पद्मावत’कार जायसीने १५४०च्या सुमारास अवधीत लिहिताना माणसाच्या देहाला ‘अहुठ हाथ’ म्हटले आहे. माणूस स्वतःच्या हाताने साडेतीन हात भरतो, ही आपल्याकडची जुनी समजूत. मेल्यावर लागणारी साडेतीन हात जमीन तीच.

मोजण्याची ही रीत आज विचित्र वाटते, कारण आपण झालेले मोजतो आणि वर उरलेले जोडतो. अर्धचतुर्थ म्हणणारा माणूस पुढे येणाऱ्या संख्येकडे बघून बोलत होता. ही तऱ्हा त्याची एकट्याची नाही. दीड हा ‘द्व्यर्ध’ आहे, म्हणजे दुसरा अर्धा. अडीच हा ‘अर्धतृतीय’ आहे, म्हणजे तिसरा अर्धा. दोन्ही शब्द अशोकाच्या लेखांत सापडतात. कलिंगच्या युद्धातून किती माणसे पकडून नेली, हे सांगताना तेराव्या शिलालेखाच्या कालसीच्या पाठात ‘दियढमाते’ असे शब्द आहेत: दीड लाख. उपासक होऊन अडीच वर्षे झाली, हे सांगताना लघुशिलालेखात ‘अढतियानि’ येते. म्हणजे भाजीवाल्याकडे आपण ‘दीड किलो द्या’ म्हणतो तो दीड बावीसशे वर्षांहून जुना आहे. रोमन लोकांचे ‘सेस्टर्टियस’ हे नाणे याच हिशेबाने अडीच ‘अस’चे होते, नावाचा अर्थच ‘तिसरा अर्धा’. डॅनिश भाषेत पन्नासला आजही ‘अडीच विसा’ अशा अर्थाचा शब्द आहे, आणि त्यातही अडीच म्हणजे ‘अर्धा तिसरा’च. तेव्हा ही खास भारतीय प्रतिभा वगैरे नाही. पुढच्या पूर्णाकडे बघून अर्धा मोजणे हे बऱ्याच जुन्या समाजांना सहज सुचले.

मराठीत औट किती जिवंत होता याचा उत्तम पुरावा ज्ञानेश्वरीत आहे. सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन येते. कुंकवात न्हालेले नागाचे पिलू वेटोळे घालून निजावे तशी ती दिसते, असे सांगून ज्ञानदेव म्हणतात, ‘तैशी ते कुंडलिनी । मोटकी औट वळणी । अधोमुख सर्पिणी । निदेली असे’. साडेतीन वेढ्यांची, खाली तोंड केलेली, निजलेली नागीण. ग्रंथ १२९०चा, श्रोते गावचे. तेव्हा ‘औट’ ऐकून कुणी अडखळत नसणार, नाहीतर इतक्या नेमक्या चित्रात तो शब्द आलाच नसता. ओंकाराच्या अ, उ, म आणि वरची अर्धी मात्रा मिळून औट मात्रा, हाही प्रयोग संतांच्या परंपरेत आहे.

या शब्दाची एक मजेदार उपकथा आहे आणि ती मला फार आवडते. प्राकृतातला ‘अद्धुट्ठ’ कानावर पडायचा, पण तो अर्धचतुर्थातून आला याचा पंडितांनाच विसर पडला. मग त्यांनी त्याला उलट संस्कृत वेष चढवला: ‘अध्युष्ट’. दिसायला अस्सल, व्याकरणाच्या घरात बसेल असा. पण साडेतीनशी त्या धातूचा काडीचाही संबंध नाही. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात तो चक्क बनवलेला शब्द म्हणून नोंदला आहे. साडेतीन वेढ्यांच्या सापाला ‘अध्युष्टवलय’ म्हणण्यापर्यंत या बनावट शब्दाची मजल गेली. बाजारात घडलेल्या शब्दाला विद्वानांनी वंशावळ तयार करून द्यायची, हा उद्योग आपल्याकडे नवा नाही.

बाजारात या शब्दाला काम काय होते? एका रुपयाचे १६ आणे, एका आण्याचे ४ पैसे, एका मणाचे ४० शेर. या जगात पाव, निम्मे, पाऊण हे रोजचे तुकडे होते, कारण १६ आणि ४० दोन्हींचे चार भाग नीट पडतात. एखादी वस्तू औट आण्यांना एक असेल, तर १६ वस्तूंना किती? औट रुपये. हिशेब करायचाच नाही, फक्त आण्याच्या जागी रुपया म्हणायचे. सात वस्तू असतील तर औटकीतले साडेचोवीस आठवायचे, त्यातल्या १६ आण्यांचा एक रुपया काढायचा, राहिले साडेआठ आणे. ज्याच्या तोंडी औटकी होती त्याचे उत्तर गिऱ्हाइकाने पिशवी उघडेपर्यंत तयार असे. पंतोजीच्या शाळेत आणि संध्याकाळच्या परवच्यात हे पाढे म्हणून घेत ते यासाठी. उत्तरेत तर गाडी आणखी पुढे गेली होती: साडेतीनचा ‘हूँठा’, साडेचारचा ‘ढौंचा’, साडेपाचचा ‘पहुँचा’. गुजरातीत साडेतीनच्या पाढ्याला ‘ऊठां’ म्हणतात, आणि ‘ऊठां भणाववां’, म्हणजे ऊठां शिकवणे, याचा अर्थ एखाद्याला बनवणे. व्यापाऱ्याच्या भाषेने हा वाक्प्रचार जपावा यात नवल नाही. अपूर्णांकाचा पाढा ज्याला येतो तो दुसऱ्याला सहज टोपी घालू शकतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

मग औट मेला कशाने? ठरलेले उत्तर असे की १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने-मापे आली आणि जुन्या पाढ्यांची गरज संपली. ऐकायला बरोबर वाटते. साडेतीन आणे म्हणजे २१.८७५ नवे पैसे, असा हिशेब करायची वेळ आल्यावर कोण औटकी म्हणणार? पण हे उत्तर पुरत नाही. दशमानाने औट मारला असेल तर अडीच कसा वाचला? दीड कसा वाचला? आणे गेले, शेर गेले, तरी सव्वा, पाऊण, पावणेदोन आजही तोंडात आहेत. एवढेच काय, शेर जाऊन साठेक वर्षे झाली तरी ‘पावशेर’ गेलेला नाही.

खरे असे दिसते की औट त्याच्या कितीतरी आधी बोलण्यातून उठला होता. पेशवाईतल्या सखारामबापू, देवाजीपंत, विठ्ठल सुंदर आणि अर्धे नाना फडणवीस यांना आपण ‘साडेतीन शहाणे’ म्हणतो. ‘औट शहाणे’ कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. मुहूर्त साडेतीन, देवीची पीठे साडेतीन. दीड आणि अडीच यांना स्पर्धक नव्हता. ‘साडेएक’ किंवा ‘साडेदोन’ मराठी माणूस म्हणत नाही. औटला मात्र साडेतीन हा सरळ, नियमात बसणारा स्पर्धक मिळाला. साडेतीन, साडेचार, साडेपाच अशी ओळ लागली की तिच्यात औट हा एकटाच वेगळा पडतो. तेव्हा तो तीन ठिकाणी जाऊन बसला: योगमार्गाच्या परिभाषेत, एका वाक्प्रचारात आणि पाढ्यात. पाढा पुढे पिढ्यान्‌पिढ्या शाळेत घोकला गेला, मुलांनी तो रोज म्हटला, मास्तरांनी छड्या मारून म्हणवून घेतला, आणि तरी शब्द परत बोलण्यात आला नाही.

म्हणून ‘पाढे परत आणा’ ही मागणी मला पटत नाही. औटकी हाच त्या मागणीविरुद्धचा पुरावा आहे. नुसत्या घोकण्याने शब्द जगवता येत असता तर औट आज दुकानात ऐकू आला असता.

पण समोरच्या बाजूचे, म्हणजे ‘दशांश आले, आता हे शब्द हवेत कशाला’ म्हणणाऱ्यांचे, तर त्याहूनही पटत नाही. वांगी ८० रुपये किलो आहेत आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर १.७५० दिसतेय असे समजा. भाजीवाली म्हणते ‘पावणेदोन’. तिने तो शब्द उच्चारला की हिशेब निम्मा झालेला असतो: दोन किलोचे १६०, त्यातून पाव किलोचे २० वजा, १४० द्या. तिच्या शेजारी उभा असलेला सहावीतला मुलगा तोच आकडा ‘वन पॉइंट सेव्हन फाइव्ह’ असा वाचतो. त्याच्या पद्धतीने गुणाकार करायचा तर १७५ला ८०ने गुणा, १४,००० आले, दोन घरे मोजून टिंब द्या. उत्तर तेच येते, पण डोक्यात येत नाही. कागद लागतो, नाहीतर फोन. हुशारीचा यात प्रश्न नाही. बाईच्या शब्दात रीत आहे, मुलाच्या शब्दात फक्त आकडे आहेत.

हे शब्द नीट उलगडून पाहिले तर ती एक छोटी बीजगणिताची शाळाच आहे. सव्वा म्हणजे सपाद, पाव धरून. पाऊण म्हणजे पादोन, पाव कमी. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासकट. मराठी मूल सव्वातीन आणि पावणेचार म्हणायला शिकते तेव्हा ते ३ + ¼ आणि ४ − ¼ असे म्हणत असते. अधिक आणि उणे हे दोन्ही ते बोलून चुकलेले असते, फक्त त्याला कुणी सांगितलेले नसते. शाळेत पाव, अर्धा, पाऊण यांची तोंडओळख होते. पुढे दशांश अपूर्णांक आले की ३.२५ हे ‘तीन पूर्णांक पंचवीस शतांश’ होते. सेमी-इंग्रजी वर्गात तर तेवढेही मराठी उरत नाही. घरी सव्वातीनला ये म्हणून बजावणारी आई आणि शाळेतला ‘थ्री पॉइंट टू फाइव्ह’ यांची गाठ कुणी घालून देत नाही. ते दोन वेगळे विषय आहेत असेच मुलाला वाटत राहते. हल्ली घड्याळही आकड्यांचे. पावणेचार म्हटले की काही मुले थांबून विचारतात, म्हणजे तीन पंचेचाळीस ना?

२०१९च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितावरून जो गदारोळ झाला, तो या संदर्भात पुन्हा आठवून बघण्यासारखा आहे. एकवीसला ‘वीस एक’, त्रेसष्टला ‘साठ तीन’ असे वाचायची रीत पुस्तकात दिली होती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचे म्हणणे होते की जोडाक्षरांची अवघड संख्यानामे लहान मुलांना जड जातात. इंग्रजीत आणि दक्षिणेतल्या भाषांत दशक आधी, एकक नंतर असते, तसे केले तर संख्या लिहिताना उलटापालट होणार नाही. जुनी नावे काढून टाकलेली नव्हती. तरी विधानसभेपर्यंत विषय गेला, मराठी संपवायला निघाले म्हणून ओरड झाली, टिंगलीला तर ऊत आला. नारळीकरबाईंची काळजी खरी होती. ज्यांनी पहिली-दुसरीचा वर्ग एकदा तरी घेतला आहे ते त्रेसष्ट आणि छत्तीस यांचा घोळ जाणतात. पण त्या चर्चेत दोन्ही बाजू संख्या वाचायच्या कशा यावरच बोलत राहिल्या. या नावांनी हिशेब कसा होतो, हे बाजूलाच पडले. एकोणतीस हे नाव तिसात एक उणा एवढेच सांगते. २९ गुणिले ६ तोंडी करायचे असेल तर तिसा सक १८०, वजा ६, १७४. ‘वीस नऊ’ म्हटल्यावर १२० आणि ५४ची बेरीज करावी लागते. ती चूक नाही, पण जवळची वाट दुसरी आहे आणि ती नावातच दाखवलेली आहे. (९९ला मात्र आपण एकोणशंभर न म्हणता नव्याण्णव म्हणतो. भाषा शंभर टक्के शिस्तीने चालत नाही आणि चालावी अशी अपेक्षाही नको.)

पावणे, एकोण, अडीच हे सगळे एकाच घराण्याचे आहेत, पुढच्या पूर्णाकडे बघणारे. औट त्याच घराण्यातला वारलेला थोरला. बाकीच्यांचे काय करायचे हा आजचा प्रश्न आहे, आणि तो वारसा-बिरसा म्हणून सोडवायला गेलो तर हाताशी फक्त स्नेहसंमेलनातला पाढे-पाठांतराचा कार्यक्रम लागेल. हे शब्द वाचतील ते उत्तर म्हणून चालले तर. चौथी-पाचवीच्या अपूर्णांकाच्या धड्यात १¼ लिहिले की शेजारी सव्वा यावा, आणि तो का सव्वा हे एका ओळीत फोडून सांगावे. १.७५ आले की ‘दोनाला पाव कमी’ अशी तोंडी रीत पुस्तकाने स्वतः दाखवावी. अडीच डझन, पावणेदोन मीटर, सव्वाशे रुपये असे आकडे शाब्दिक उदाहरणांत यावेत. सव्वाशे म्हणजे १२५ आणि पाऊणशे म्हणजे ७५ हे वाचून चाचपडणारी आठवीतली मुले आहेत. सेमी-इंग्रजीत संज्ञा इंग्रजी राहिल्या तरी तोंडी गणिताची दहा मिनिटे मराठीत व्हायला कुणाची हरकत असायचे कारण नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. गडचिरोलीतल्या माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला, मेळघाटातल्या कोरकू मुलाला, मुंबईत हिंदीभाषक घरातून मराठी शाळेत आलेल्या मुलीला सव्वा-पावणे घरून मिळालेले नसतात. त्यांच्यावर आणखी एक ओझे का? हिंदीवाल्या मुलीचे उत्तर सोपे आहे: सवा, डेढ़, ढाई, पौने तिच्या घरी असतातच, नाते दाखवले की झाले. माडिया मुलाबाबत मला जोर करावासा वाटत नाही. त्याच्या भाषेत अर्ध्या-पावाचे शब्द कोणते आणि बाजारात तो कोणते वापरतो हे त्याच्या मास्तरांनी आधी विचारावे, आणि गाठ त्या शब्दांशी घालावी. मुद्दा मुलाच्या तोंडातल्या शब्दाला गणितात जागा देण्याचा आहे. तो शब्द सगळीकडे मराठीच असला पाहिजे असे मी म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम आधीच फुगलेला, त्यात हे कुठे बसवायचे? नवे प्रकरण नको, नवा पाढा तर नकोच. औटकीला तर अजिबात हात लावू नका. साडेतीनने गुणायचे तर तिप्पट करून निम्मे मिळवा, त्यासाठी सातशे वर्षांपूर्वीच्या शब्दाची गरज नाही. बदल लागेल तो तपासणाऱ्याच्या लाल पेनात. ‘१३ भागिले ४ किती?’ या प्रश्नाला मुलाने ‘सव्वातीन’ असे उत्तर लिहिले, तर आज ते उत्तर अपुरे समजून गुण कापले जाण्याची शक्यता मोठी आहे. ते बरोबर उत्तर आहे. त्याला पूर्ण गुण द्या, आणि उत्तरसूचीत ३.२५च्या शेजारी तसे छापा.